कंपनीच्या मॅनिफोल्डवर मोठा कार्बोरेटर बसवताना

कार्बोरेटर मोठा केला की इंजिनात जास्त हवा जाते, असं आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात हवा खेचतो तो पिस्टन. कार्बोरेटरने त्या हवेच्या वाटेत कमीत कमी आडवं यायचं आणि जाताजाता तिच्यात मापाने पेट्रोल सोडायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून जुना कार्बोरेटर वरच्या आरपीएमला इंजिनाचा गळा आवळत असेल, तरच मोठ्याचा फायदा दिसतो. शिवाय कार्बोरेटर बदलला तरी त्याच्या खालच्या मॅनिफोल्डचं, म्हणजे हवा-पेट्रोल सिलिंडरांपर्यंत नेणाऱ्या फाटेदार नळीचं, भोक कंपनीचंच राहतं. वर नरसाळं रुंद केलं आणि खाली नळी तीच ठेवली, तर पाणी तेवढंच जाणार. नवखे बहुतेक इथेच फसतात.

पुढचं सगळं लिहिलंय ते जुन्या, चार सिलिंडरच्या, एकाच कार्बोरेटरवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठी. मॅनिफोल्ड मूळचाच ठेवायचा आणि त्यावर एक पायरी मोठा, साधारणपणे दोन बॅरलचा (हवेच्या दोन वाटा असलेला) कार्बोरेटर चढवायचा, असं धरलंय. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर आधी तुमच्याकडचे धुराचे नियम बघून घ्या. काही ठिकाणी असा बदल चालत नाही.

किती मोठा घ्यायचा

आधी कागद-पेन्सिल. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीएवढी हवा घेतं. १६०० सीसीचं इंजिन ५५०० आरपीएमला फिरवलं, तर १.६ गुणिले २७५०, म्हणजे मिनिटाला ४४०० लिटर. पण सिलिंडर कधी पूर्ण भरत नाही. कंपनीच्या कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) ८० टक्के भरणं धरा. राहिले ३५२० लिटर, म्हणजे साधारण १२४ सीएफएम (मिनिटाला घनफूट). तुमच्या इंजिनाचे आकडे घालून हेच गणित करा आणि आरपीएम खरा धरा. जे इंजिन तुम्ही कधी ५००० च्या वर नेत नाही, त्यासाठी ७००० चा हिशेब करून काय उपयोग?

सीएफएमचे आकडे बघताना एक गोम ध्यानात ठेवा. अमेरिकी पद्धतीत दोन बॅरलचे कार्बोरेटर ३ इंच पाऱ्याच्या दाबफरकावर मोजतात आणि चार बॅरलचे दीड इंचावर. त्यामुळे दोन बॅरलचा ३५० हा आकडा चार बॅरलच्या मापात सुमारे २४७ भरतो. दोन डब्यांवरचे आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करू नका.

सीएफएमपेक्षाही बघण्यासारखं माप म्हणजे व्हेंच्युरी, कार्बोरेटरच्या आतला अरुंद गळा. नावात दिसतं ते बहुधा बटरफ्लायचं, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणाऱ्या गोल पातीचं, माप. वेबर कंपनीचा ३२/३६ घ्या. त्याचे बटरफ्लाय ३२ आणि ३६ मिलिमीटरचे, पण व्हेंच्युरी २६ आणि २७ च्या. हवा या गळ्यातून वेगाने जाते तेव्हा तिथला दाब उतरतो आणि त्या ओढीने जेटमधलं, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकातलं, पेट्रोल वर चढतं.

आता समजा व्हेंच्युरी २२ ची २६ केली. चार मिलिमीटर ऐकायला काहीच नाहीत, पण क्षेत्रफळ ४० टक्क्यांनी वाढलं. हवा तेवढीच असेल तर तिचा वेग ७२ टक्क्यांवर येतो आणि ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ती जवळपास निम्मी होते. खालच्या आरपीएमला गाडी अडखळते, पिकअप मरतो, थंडीत नखरे करते, ते यामुळे. मंद हवेत पेट्रोलचे थेंब तरंगत राहत नाहीत, मॅनिफोल्डच्या भिंतींवर बसतात.

म्हणूनच मला रस्त्यावरच्या गाडीसाठी प्रोग्रेसिव्ह कार्बोरेटर आवडतो. रोजच्या चालण्यात लहान बॅरल एकटं काम करतं, पाय पुढे दाबला की मगच मोठं उघडतं. दोन्ही बॅरल एकदम उघडणारे कार्बोरेटर दिसतात रुबाबदार, पण कंपनीच्या कॅम-मॅनिफोल्डवर ते नवख्याने सुरुवातीला तरी घेऊ नयेत.

जुना, वापरलेला घेत असाल तर बटरफ्लायचा दांडा बोटांनी हलवून बघा. तो अंगात खुळखुळत असेल तर तिथून हवा शिरते आणि आयडलिंग काही केल्या बसत नाही. अशा कार्बोरेटरवर घातलेले तास परत येत नाहीत.

मॅनिफोल्डचं भोक आणि अॅडॉप्टर प्लेट

जुन्या कार्बोरेटरच्या पॅकिंगचा ठसा कागदावर घ्या, नव्या कार्बोरेटरच्या बुडाचाही घ्या. एकावर एक ठेवून उजेडात धरा. बोल्टची भोकं जुळत नाहीत हे दिसेलच, पण खरं बघायचं ते मधलं मोठं भोक. मॅनिफोल्डचं ३० मिलिमीटरचं असेल आणि बटरफ्लाय ३६ चा असेल, तर चहूबाजूंनी ३ मिलिमीटरची पायरी राहते. हवा त्या पायरीवर आपटते, पेट्रोल तिथे साचतं.

हे अंतर भरून काढते ती अॅडॉप्टर प्लेट. वरून नव्या कार्बोरेटरच्या मापाची, खालून मॅनिफोल्डच्या मापाची आणि मधे उतार. जितकी उंच, तितका उतार सौम्य आणि हवेला सोयीचा. पण उंची वाढली की बॉनेट लागतो. पातळ प्लेटमध्ये हा उतार जवळजवळ खड्या पायरीसारखा होतो, म्हणून स्वस्त पातळ प्लेटचा मोह टाळा. प्लेट दोन तुकड्यांची असेल, तर खालचा तुकडा मॅनिफोल्डला बुडत्या डोक्याच्या स्क्रूंनी बसतो आणि वरचा त्यावर. हे खालचे स्क्रू नंतर दिसत नाहीत. त्यांना मध्यम ताकदीचा थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावाच. एखादा सैल होऊन निघाला तर त्याला जायला एकच वाट आहे, ती म्हणजे सिलिंडर.

मॅनिफोल्डचं भोक कानशीने मोठं करता येतं का? येतं, थोडंफार. पण मॅनिफोल्ड इंजिनावरून उतरवून, म्हणजे कीस आत जाणार नाही. भिंत किती जाड आहे ते आधी मोजा, कारण अनेक मॅनिफोल्डच्या अंगातून गरम पाण्याची वाट गेलेली असते. पहिल्या वेळी मी तर भोकाच्या धारेवरचा खडा काठ जरा गोल करा आणि थांबा, एवढंच सांगेन.

प्लेट, मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर, तिघांची तोंडं सपाट आहेत का ते स्टीलची सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून बघा. पट्टीखाली ०.१ मिलिमीटरची फीलर गेजची पाती सरकत असेल, तर जाड काचेवर एमरी पेपर पसरून ते तोंड हलक्या हाताने आठच्या आकड्यात घासा. कार्बोरेटरचं अंग मऊ धातूचं असतं, आधीच्या कुणीतरी नट ठासून आवळले असतील तर कान वाकलेले सापडतात.

जुना उतरवणं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा, जागा मोकळ्या हवेची असू द्या. मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक व्हॅक्यूम पाइपला चिकटपट्टीचा तुकडा लावून कुठून कुठे जातो ते लिहा. पेट्रोलचा पाइप काढल्याबरोबर त्यात जाडसर बोल्ट खुपसून क्लॅम्प आवळा, नाहीतर टाकी हळूहळू जमिनीवर उतरते.

कार्बोरेटर सुटला की मॅनिफोल्डच्या भोकात स्वच्छ कापड कोंबा, मगच जुनं पॅकिंग खरवडायला घ्या. मोठं, एकच कापड, त्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा. लहान चिंध्या घालू नका. मी एकदा दोन घातल्या आणि एकच काढली. इंजिन सुरूच होईना, प्लग तपासले, टाइमिंग तपासलं, शेवटी सगळं परत उतरवलं तेव्हा दुसरी चिंधी मॅनिफोल्डच्या फाट्यात पेट्रोल पिऊन बसलेली सापडली.

कोरी जुळणी: पॅकिंगशिवाय, पेट्रोलशिवाय

नवा कार्बोरेटर आधी कोरा, हाताने नट लावून बसवून बघायचा. यात गेलेला अर्धा तास पुढचा अख्खा दिवस वाचवतो.

सगळ्यात आधी बटरफ्लाय. तो उभा उघडतो तेव्हा त्याची खालची कड कार्बोरेटरच्या बुडाबाहेर येते. ३६ मिलिमीटरच्या बटरफ्लायची अर्धी उंची १८. दांडा बुडापासून १० मिलिमीटर वर असेल, तर ८ मिलिमीटर कड खाली अॅडॉप्टरच्या भोकात उतरणार. तिथे भोक निमुळतं असेल तर ती कड भिंतीला लागते आणि अडकते. उघड्या स्थितीत अडकलेला बटरफ्लाय म्हणजे पाय उचलला तरी न थांबणारी गाडी. म्हणून दोन्ही बॅरल हाताने पूर्ण उघडा, सोडा, दहा-वीस वेळा. कुठेही खरखर किंवा टक असा आवाज आला तर प्लेटला तिथे सवड द्या किंवा कार्बोरेटरखाली स्पेसर घाला. नट आवळल्यावर हेच सगळं पुन्हा करा, कारण पॅकिंग दबल्यावर अंतर बदलतं.

मग बॉनेट. एअर फिल्टरच्या टोपीवर मातीचे किंवा प्लॅस्टिसिनचे चार गोळे ठेवा, बॉनेट हलकेच खाली आणा, उघडून गोळे किती चपटे झाले ते मोजा. किमान २० मिलिमीटर तरी सवड हवी, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं. फिल्टर लावायचाच. उघड्या तोंडाचा कार्बोरेटर फोटोत छान दिसतो, पण धूळ ओढून सिलिंडर घासतो, आणि मागे भडका आला तर फिल्टर तो काही अंशी अडवतो.

एक्सिलरेटरची केबल जुन्या लिव्हरच्या मापाची असते. नव्या लिव्हरला जास्त ओढ लागत असेल तर पेडल जमिनीला टेकूनही बटरफ्लाय पाऊणच उघडेल आणि मोठ्या कार्बोरेटरवर खर्च करून तुम्ही लहानच चालवाल. कुणाला तरी पेडल दाबायला बसवा आणि वरून घशात बघा, पात्या उभ्या झाल्या पाहिजेत. पाय सोडल्यावर बंदही टक्कन व्हायला हव्यात. रिटर्न स्प्रिंग दोन लावा, वेगवेगळ्या ठिकाणी अडकवलेल्या, म्हणजे एक तुटली तरी दुसरी आहे.

स्टडची, म्हणजे नट बसतात त्या आटेदार दांड्यांची, लांबी आता मोजा. प्लेट आणि स्पेसर मधे आल्यावर जुने स्टड आखूड पडतात. नट पूर्ण चढून वर एक-दोन आटे दिसले पाहिजेत.

पक्कं बसवणं

प्रत्येक सांध्याला नवं पॅकिंग. त्यावर सिलिकॉन फासायची सवय अनेकांना असते, पण पेट्रोलने साधं सिलिकॉन फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे आत जातात. तोंडं सपाट असतील तर कोरं पॅकिंग पुरतं.

इंजिनची धग कार्बोरेटरपर्यंत पोहोचते तिथे बेकेलाइटसारख्या उष्णता अडवणाऱ्या पदार्थाचा स्पेसर घाला. गरम इंजिन बंद केल्यावर फ्लोटच्या वाटीतलं (कार्बोरेटरमधल्या साठ्यातलं) पेट्रोल उकळून घशात गळतं आणि दहा मिनिटांनी गाडी सुरू होत नाही, ही तक्रार त्याने बरीच कमी होते. अॅल्युमिनियमचा स्पेसर यासाठी निरुपयोगी, तो उष्णता आणखी वर पोहोचवतो.

नट तिरके समोरासमोर, थोडे थोडे आवळा. आखूड पाना, मनगटाची ताकद, खांद्याची नाही.

पाइप आणि तारा

क्रँककेसचा (इंजिनाच्या तळपेटीचा) श्वास आणि ब्रेक बूस्टर यांना मॅनिफोल्डचा, म्हणजे बटरफ्लायखालचा, व्हॅक्यूम लागतो. जुन्या कार्बोरेटरवर तशी नळी असेल आणि नव्यावर नसेल, तर ती प्लेटवर किंवा मॅनिफोल्डवर घ्यावी लागते. क्रँककेसचा पाइप जागा सापडली नाही म्हणून बंद करून टाकू नका. आत दाब साचतो आणि तेल सील ओलांडून बाहेर येतं. ब्रेक बूस्टरच्या पाइपातला एकमार्गी व्हॉल्व्ह आहे त्या दिशेनेच परत बसवा. ब्रेकचं पेडल कडक लागलं तर चूक तिथेच आहे.

डिस्ट्रिब्युटरच्या अॅडव्हान्सची नळी बहुधा बटरफ्लायच्या किंचित वरच्या छिद्राला जाते. तिथे आयडलिंगला ओढ नसते, बटरफ्लाय जरा उघडला की येते. नळी कुठे लावायची ते जुन्या गाडीच्या मांडणीवरून ठरवा. जी छिद्रं वापरात नाहीत त्यांना रबरी टोपी घालून क्लॅम्प लावा. एक उघडं राहिलं तरी आयडलिंगची वाट लागते.

पेट्रोलचा दाब विसरू नका. वेबरसारख्या कार्बोरेटरला २.५ ते ३.५ पीएसआय पुरतं. पंप जास्त देत असेल तर फ्लोटची निडल (पेट्रोल अडवणारी सुई) उघडी राहते आणि पेट्रोल वाहू लागतं. अशा वेळी फ्लोट वाकवत बसण्यापेक्षा रेग्युलेटर लावा. जुन्या कार्बोरेटरवरून टाकीकडे परत जाणारी नळी असेल आणि नव्यावर तशी सोय नसेल, तर तीन तोंडांचा फिल्टर मिळतो, त्यातून परतीची वाट काढा.

इलेक्ट्रिक चोक आणि आयडल बंद करणारा सोलेनॉइड, दोघांना चावी फिरवल्यावरच येणारे १२ व्होल्ट हवेत. ही तार इग्निशन कॉइलवरून घेऊ नका. अनेक गाड्यांत कॉइलच्या आधी रेझिस्टर असतो आणि तिथे पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत.

पहिल्यांदा सुरू करताना

कॉइलची तार काढून स्टार्टर थोडा थोडा मारा, पंपाला वाटी भरू द्या. इलेक्ट्रिक पंप असेल तर नुसती चावी फिरवा. मग टॉर्च घेऊन पाच मिनिटं प्रत्येक जोड बघा. थेंब दिसला तर तो बंद केल्याशिवाय पुढे जायचं नाही. घशात डोकावून लिव्हर एकदा झटकन उघडा, पेट्रोलची पिचकारी त्याच क्षणी उडाली पाहिजे. उशिरा उडते किंवा उडतच नाही, तर ही पिचकारी मारणाऱ्या अॅक्सिलरेटर पंपाचं काम आत्ताच करा.

तार जोडा, गाडी सुरू करा आणि इंजिन पूर्ण तापेपर्यंत एकाही स्क्रूला हात लावू नका. चोक अर्धवट असताना केलेलं ट्यूनिंग गरम झाल्यावर हमखास बदलतं.

हवा कुठून खेचते का, हे बघायला लोक सांध्यांवर कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी तो पेट घेऊ शकतो. मी पाण्याचा बारीक फवारा वापरतो. डिस्ट्रिब्युटर आणि तारांपासून दूर, सांध्यावर पाणी मारलं आणि क्षणभर इंजिनचा सूर बदलला, तर गळती तिथेच आहे.

आयडलिंग

मिक्श्चर स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण कमी-जास्त करणारा) हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या, मग दोन फेरे बाहेर. जोर लावलात तर टोकावर खाच पडते. स्पीड स्क्रू बटरफ्लायच्या लिव्हरला टेकल्यापासून एक-दीड फेराच आत असावा. आता मिक्श्चर पाव फेऱ्याच्या पायरीने आत घ्या, इंजिन पडायला लागेल. मग बाहेर घ्या, वेग जिथे वाढायचा थांबेल तिथे थांबा. व्हॅक्यूम गेज असेल तर काटा सर्वांत वर जिथे जातो ती जागा. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन १७ ते २१ इंच पारा दाखवतं, काटा स्थिर.

शेवटी स्क्रू कुठे आला यावरून पुढचं कळतं. अडीच फेऱ्यांपेक्षा बाहेर जावं लागलं तर आयडल जेट लहान आहे. दीडच्याही आत आला तर मोठा. आणि स्पीड स्क्रू दोन फेऱ्यांच्या पुढे आत घालावा लागत असेल, तर बटरफ्लाय इतका उघडा आहे की पुढची प्रोग्रेशनची छिद्रं (पेडल जरा दाबल्यावर कामाला येणारी) आत्ताच उघडली आहेत. तेव्हा मिक्श्चर स्क्रू फिरवून काही फरक पडत नाही आणि माणूस वेडा होतो.

जेट

जेटवरचा आकडा वेबरमध्ये मिलिमीटरचा शंभरावा भाग असतो. १४० म्हणजे १.४० मिलिमीटरचं भोक. १४० चा १४५ केला की भोकाचं क्षेत्रफळ सात टक्क्यांनी वाढतं, म्हणजे एक पायरीही लहान नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. भोक तारेने कोरू नका.

गाडी एका वेगाने चालत असताना चोक किंचित ओढून बघा. सुधारली तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे, बिघडली तर ठीक किंवा रिच (पेट्रोल जास्त). हाताचा चोक असेल तर फुकटात होणारी ही चाचणी बरंच सांगते. पेडल दाबल्याबरोबर खड्डा पडतो आणि मग गाडी सावरते, तेव्हा आधी पंप जेट बघा, मेन जेट नाही. दुसरं बॅरल उघडताना धक्का बसतो, तेव्हा संशय दुसऱ्या बाजूच्या आयडल जेटवर. काळा धूर आणि काजळी धरलेले प्लग म्हणजे रिच. ते चालवत राहिलात तर पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि ऑइल पातळ होतं. घशातून फटाके येत असतील तर लीन. तशा स्थितीत पूर्ण पेडलवर लांब पळवू नका, पिस्टन जळतो. एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर जमला तर उत्तम. हवा-पेट्रोलचं प्रमाण सरळ चालीत १४ ते १५ आणि पूर्ण पेडलवर १२.५ ते १३ अशी नोंद आली की त्या इंजिनाकडून आणखी काही मागण्यासारखं नसतं.

दोनशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर, इंजिन थंड असताना, प्लेटचे आणि कार्बोरेटरचे नट पुन्हा एकदा तपासा. पॅकिंग दबून ते हमखास सैल झालेले असतात आणि सुरळीत बसलेलं आयडलिंग अचानक वर-खाली व्हायला लागण्याचं हेच सर्वांत साधं कारण. जुना कार्बोरेटर, त्याचे नट आणि स्टड एका पिशवीत बांधून ठेवा. धुराच्या तपासणीला तो परत चढवायची वेळ येऊ शकते.